राणीछाप रुपयाचे मार्क

बसा मंडळी, बसा. मागच्यांनी पुढं सरका. पुढच्यांनी पाय आवरा. आणि ते खांबाला टेकलेले काका आहेत ना, त्यांना आत्ताच उठवू नका. त्यांची झोप आख्यानाच्या मध्यावर आपोआप मोडेल, तिथं मी ओरडणारच आहे!

आज पूर्वरंगात एक प्रश्न टाकला होता. आठवतोय? नाही ना? मला माहीत होतं! तो पुन्हा विचारतो. माणसाला एकदा उत्तर मिळालं, सरळ, स्पष्ट, समजेल असं उत्तर मिळालं — तरी तो तोच प्रश्न पुन्हा का विचारतो?

हसू नका! वजनाच्या काट्यावर चढतो आपण. काटा आकडा सांगतो. मग काय करतो? उतरतो, चप्पल काढतो, पुन्हा चढतो! आकडा तोच. मग खिशातला मोबाईल काढून ठेवतो, श्वास सोडतो, पुन्हा चढतो! अरे, काट्याला काय तुझी दया येणार आहे? ज्योतिषी म्हणाला, मंगळ आहे. झालं. दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे. जो म्हणेल 'मंगळ आहे, पण सौम्य आहे' तो खरा ज्योतिषी! दक्षिणा त्याला!

मी यावर दोन ओळी रचल्यात. माझ्याच आहेत, कुठल्या संताच्या नावावर खपवत नाही. पेटीवाले, सूर द्या. म्हणा माझ्या मागं —

मिळाले उत्तर, नावडे मनास,
पुन्हा पुसण्यास, धावे वेडा!

वा! 'वेडा' म्हणताना सगळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलंत. हेच, हेच सांगायचंय मला.

आता कथा ऐका. पुराणातली नाही. पार्सलच्या काळातली आहे.

आपल्या लांज्याच्या अलीकडे एक गाव. तिथं त्र्यंबकराव आठल्ये नावाचे गृहस्थ. जन्मभर यष्टीत वाहतूक नियंत्रक. म्हणजे कोण? तर स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागं बसतो तो! म्हातारी विचारायची, "दादा, साखरप्याची गाडी किती वाजता?" हे सांगायचे, सव्वाचार. म्हातारी दोन पावलं जायची, परत यायची. "दादा, साखरप्याची?" की त्र्यंबकराव तडकले! "आजी, एकदा सांगितलं ना? उत्तर काय दर वेळी बदलतं का?" मंडळी, बत्तीस वर्षं हा माणूस लोकांना एकच शिकवत होता — उत्तर बदलत नाही, पुन्हा विचारू नका. हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल. त्यांना नाही पडलं, तुम्हाला पडेल!

निवृत्त झाले. वेळ हातात आला. आणि रिकामा वेळ म्हणजे काय हे ज्याच्या घरात निवृत्त माणूस आहे त्या माउलीला विचारा. बघा, बायकांच्या बाजूला कसा हशा पिकला! त्र्यंबकरावांनी आधी फोडणीच्या डब्याची रचना बदलली. मग दूधवाल्याचं वेळापत्रक केलं. सुमतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हात जोडले आणि म्हणाल्या की अहो, घराबाहेर काही तरी छंद लावून घ्या. लावला! जुनी नाणी गोळा करायचा. काकूंना वाटलं, सुटले. कुठल्या सुटल्या!

आता काकूंकडे एक रुपया होता. राणीछाप, बंदा, चांदीचा. काकूंच्या आजीकडून आईकडे, आईकडून काकूंकडे. त्यांच्या माहेरची रीत अशी, की लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत हा रुपया घालते. बाकी दागिने सासरचे घालोत, माहेरचे घालोत, वाटणी होवो, भांडणं होवोत — हा रुपया लेकीचा. एरवी तो देवापुढं तांदळाच्या वाटीत बसलेला असायचा. आणि काकूंच्या एकुलत्या एका लेकीचं, मृणालचं लग्न ठरलं होतं. वैशाखातलं. म्हणजे रुपयाची बदली होणार होती!

त्र्यंबकराव तो रुपया घेऊन रत्नागिरीच्या नाण्यांच्या प्रदर्शनात गेले. सहज, दाखवायला. तिथं मुजुमदार नावाचे व्यापारी. डोळ्याला भिंग लावलेले, बोलणं मधासारखं. त्यांनी रुपया पाहिला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाले, आठल्ये, हा तर वापरलेलाच नाही! याला तपासणीला पाठवा. मुंबईला एक कंपनी आहे. ते नाणं तपासतात, मार्क देतात, आणि प्लास्टिकच्या बंद डबीत घालून वर चिठ्ठी लावून परत करतात.

मार्क किती पैकी? शंभर? छे! सत्तर! का सत्तर? मला विचारू नका, मी चौथीत गणितात नापास आहे. सत्तरपैकी मार्क. आणि मुजुमदार म्हणाले, बासष्ट मिळाले तर एक किंमत, आणि त्रेसष्ट मिळाले, तर चौपट! एका मार्काला चौपट! आमच्या वेळी एका मार्कानं फक्त वर्ग बदलायचा.

पुढचं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्रेसष्ट आले तर हा रुपया मला द्या. बदल्यात दहा राणीछाप रुपये देतो, आणि वर रोकड. लेकीच्या ओटीत एकाऐवजी दहा राण्या!

त्र्यंबकरावांच्या डोक्यात चक्र फिरलं. एक जाऊन दहा येणार. रोकडीत लग्नाला बासुंदी होणार. आणि सुमतीला काय कळतंय? राणी ती राणी. सगळ्या राण्यांचं तोंड एकाच बाजूला!

मंडळी, पाप कसं शिरतं बघा. शिंगं लावून येत नाही. बासुंदीची वाटी घेऊन येतं!

घरी येऊन त्यांनी काकूंना अर्धंच सांगितलं. मार्कांचं सांगितलं, दहा राण्यांचं गिळलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लग्नाआधी परत येईल ना?" हे म्हणाले, शब्द देतो. काकूंनी तांदळाच्या वाटीतून रुपया काढला, पदराला पुसला आणि दिला.

गेला रुपया मुंबईला! इकडे त्र्यंबकरावांची तऱ्हा काय सांगू! मृणालचा बारावीचा निकाल होता तेव्हा हे घोरत होते. आता रात्री उठून विचारतात, सुमती, लागला असेल का? दीड महिन्यानं पार्सल आलं. डबीत राणीबाई ऐटीत बसलेल्या. वर चिठ्ठी — बासष्ट!

बासष्ट! एकानं हुकलं! भिंग घेऊन बसले. बघतात तर राणीच्या हनुवटीखाली एक बारीकशी रेघ. केसाएवढी. एवढ्याशा रेघेनं एक मार्क खाल्ला! मुजुमदारांना फोन. मुजुमदार हसले. म्हणाले, अहो, तपासणारी माणसंच आहेत. एखाद्या दिवशी डोकं दुखत असेल, चहा गार मिळाला असेल. डबी फोडा, रुपया बाहेर काढा, आणि नवीन म्हणून पुन्हा पाठवा. कंपनी वाईट नाही हो, पण उजेडाचा, नजरेचा फरक पडतो. सगळेच तसं करतात.

सगळेच तसं करतात! ह्या एका वाक्यावर अर्धा नरक भरलाय मंडळी!

ज्या माणसानं साखरप्याच्या म्हातारीला दुसऱ्यांदा विचारू दिलं नाही, तो आता स्वतः विचारायला निघाला. करवतीचं बारीक पातं आणलं. एक अख्खी दुपार डबी कापत बसले, कडेकडेनं, श्वास रोखून. रुपया सुखरूप बाहेर आला. काकूंना सांगितलं, त्यांची जरा चूक झाली आहे, पुन्हा पाठवतोय. काकू म्हणाल्या, "लग्नाआधी?" हे म्हणाले, शब्द.

पुन्हा दीड महिना. पार्सल आलं. चिठ्ठी वाचली. किती?

सांगा, किती? त्रेसष्ट? कोण म्हणालं त्रेसष्ट? तुम्ही? तुमच्या घरी पण एखादा रुपया आहे वाटतं!

एकसष्ट!

हं, उठले बघा काका! सांगितलं होतं ना, मध्यावर ओरडणार!

एकसष्ट. वाढायचा सोडून कमी झाला. शहाणा माणूस काय करील? थांबेल. पण लोभ शहाण्यालाच आधी धरतो, कारण शहाण्याकडे कारणं फार असतात! त्र्यंबकरावांनी हिशेब मांडला. एकदा बासष्ट, एकदा एकसष्ट. म्हणजे मार्क हलतात! हलतात म्हणजे वरही जाऊ शकतात! आता त्रेसष्टचीच पाळी!

पण लग्न जवळ आलेलं. मनात धाकधूक. मग कोकणातला माणूस अडला की कुठं जातो? ग्रामदेवतेकडं! कौल लावायला.

परगावचे कोणी असतील तर सांगतो. आमच्याकडे देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली. डावी पडली तर नाही. सरळ! वाघजाईसमोर त्र्यंबकराव बसले. धोंडू गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवी वाघजाई, ह्या तुझ्या लेकरानं रुपया तिसऱ्यांदा मुंबईस धाडायचं मनात धरलान आहे. भलं व्हायचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे गो आई."

टप्! डावी.

त्र्यंबकराव म्हणाले, धोंडू, तू प्रश्न नीट नाही विचारलास. पुन्हा लाव. पुन्हा गाऱ्हाणं. टप्! डावी. आता देवी तरी किती स्पष्ट बोलणार? खिडकीच्या जाळीमागं बसलीय का ती?

मग त्र्यंबकरावांचं लक्ष पंख्याकडं गेलं. देवळात नवीन उभा पंखा आला होता, मुंबईकर मंडळानं दिलेला. हे म्हणाले, धोंडू, बाईंना उकडत असेल रे. आणि उठून त्यांनी पंखा उचलला, देवीच्या उजव्या अंगाला ठेवला आणि तीनवर लावला! धोंडू तोंड उघडून बघतोय. तिसरं गाऱ्हाणं संपायच्या आत — उजवी पडली! मागोमाग डावी पडली! निरांजन विझलं! अंगाऱ्याचा ढग उठला! धोंडूची टोपी उडून थेट सभामंडपात!

त्र्यंबकराव डोळे चोळत म्हणाले, "उजवी आधी पडली."

धोंडू टोपी झाडत म्हणाला, "भाऊ, हा कौल देवीचा नाय. पंख्याचा हाय."

पण ऐकतो कोण! उत्तर हवं तसं आलं ना, मग ते कुठून आलं हे कोण बघतो! धावत घरी. कुरियरचं दुकान एक वाजता बंद होतं आणि आता साडेबारा. करवत सापडेना. लग्नघरातली गडबड, कोणी तरी मांडवाच्या कामाला नेलेली. समोर पानाचं तबक, तबकात अडकित्ता. सुपारी फुटते तर डबी फुटणार नाही? धरली डबी अडकित्त्यात. दाबला. डबी हलेना. दोन्ही हातांनी दाबला. कडाक्!

डबी फुटली. अडकित्ता घसरला. आणि राणीच्या गालावर, डोळ्यापासून ओठापर्यंत, लांबलचक ओरखडा!

बघा, हसू येतंय ना तुम्हाला? त्या क्षणी त्र्यंबकरावांना नाही आलं. मृणालच्या गालावर लागलं असतं तर जसं वाटलं असतं तसं वाटलं. खरं वाटलं त्यांना, मंडळी. माणूस वाईट नव्हता. लोभी होता. दोन्हीत फरक आहे, आणि तो फरक फार बारीक आहे.

तरी त्यांनी काय केलं? पाठवला! तो रुपया तसाच, लवकर तपासायचे जादा पैसे भरून पाठवला! न जाणो, तपासणाऱ्याचं डोकं दुखत असलं तर? ओरखडा दिसलाच नाही तर? आशा बघा! गणपतीच्या मूर्तीची सोंड मोडल्यावर म्हणावं, कोण निरखून बघतंय!

लग्नाला चार दिवस राहिले. घर पाहुण्यांनी भरलेलं. माजघरात बायका करंज्या भरतायत. पार्सल आलं ते काकूंच्या हातात. त्यांनीच सही केली, त्यांनीच उघडलं. या वेळी डबी नाही. नुसती प्लास्टिकची पिशवी, आत रुपया, आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा नाही. लिहिलेलं, 'खरवडलेले नाणे. मार्क देता येत नाहीत.'

काकूंनी रुपया हातात घेतला. ओसरीवर त्र्यंबकराव बसले होते, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नुसता रुपया पुढं धरला. मंडळी, बायको ओरडली तर समजावं, संसार चालू आहे. बायको गप्प उभी राहिली की समजावं, आता देवच आठवावा!

आणि त्र्यंबकरावांनी सगळं सांगून टाकलं. अडकित्ता सांगितला, पंखा सांगितला. शेवटी दहा राण्याही सांगितल्या. म्हणाले, मी तो विकायला निघालो होतो सुमती, तुला न सांगता. त्या हनुवटीखालच्या एका रेघेनं घात केला. ती रेघ नसती तर पहिल्याच खेपेला त्रेसष्ट आले असते.

काकू रुपया उजेडात धरून त्या रेघेकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही रेघ माझ्या आईची आहे."

सहा वर्षांच्या होत्या काकू. टायफॉईडमधून उठलेल्या. एकवीस दिवस पोटात अन्न नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, आई, मेतकूट-भात दे. भात होता. मेतकुटाचा डबा मात्र उघडेना. झाकण गच्च बसलेलं. आईनं चमचा लावला, वाकला. लेक भूक म्हणून रडायला लागली. आईनं इकडं तिकडं पाहिलं आणि देवापुढचा रुपया उचलून झाकणाखाली घातला. झाकण उघडलं. झाकणाची कड राणीच्या हनुवटीला लागली.

"त्या दिवशी मी जगले," काकू म्हणाल्या. "म्हणून आई ती रेघ मला दाखवायची. तुम्ही दहा काय, शंभर राण्या आणून ठेवल्या असत्यात, तरी मी रेघ शोधली असती. आणि नाही सापडली, तर मला कळलं असतं."

त्र्यंबकराव उठून उभे राहिले.

काकू म्हणाल्या, "तुम्ही मुंबईला तीनदा विचारलंत. देवीला तीनदा विचारलंत. हा रुपया माझा. मला एकदासुद्धा नाही विचारलंत."

थांबा. पेटी थांबवा जरा. हे वाक्य नुसतं ऐकू द्या.

मला एकदासुद्धा नाही विचारलंत!

बत्तीस वर्षं खिडकीमागं बसून उत्तरं देणारा माणूस. आज जाळीच्या बाहेरच्या बाजूला उभा होता!

लग्न झालं. छान झालं. बासुंदी नव्हती, जिलबी होती, कोणी उपाशी गेलं नाही! पाठवणीची वेळ आली. मृणाल निघाली. काकूंनी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी. आणि वर तो रुपया. लेकीनं रुपया हातात घेतला, आणि पोरगी बापाचीच! निरखून बघितलाच. म्हणाली, बाबा, ही बारीक रेघ आजीची, हे मला ठाऊक आहे. आई सांगायची. पण हा गालावरचा मोठा ओरखडा?

सगळे वऱ्हाडी उभे. गाडी सुरू झालेली. त्र्यंबकरावांना लपवता आलं असतं. कुरियरवर ढकलता आलं असतं. ते म्हणाले, "तो माझ्या मूर्खपणाचा."

मृणालच्या डोळ्यांत पाणी, आणि ओठांवर हसू. रुपया मार्कांसाठी मुंबईला गेला होता, एवढं तिला माहीत होतं. म्हणाली, "मग बाबा, शेवटी याला मार्क किती पडले?"

त्र्यंबकरावांच्या ओठावर उत्तर आलं होतं. बासष्ट, एकसष्ट, की शून्य. पण त्यांनी ते गिळलं. त्यांनी सुमतीकाकूंकडं बघितलं. आणि लेकीला म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

विठ्ठल, विठ्ठल!

आणि काकूंनी काय केलं? लेकीची मूठ धरली, रुपयावर मिटवली, आणि म्हणाल्या, मेतकुटाचा डबा तुझ्या पिशवीत घातलाय, झाकण घट्ट आहे हो.

आता मंडळी, आपली पाळी. त्र्यंबकराव गेले जिलबी खायला, तुम्ही कुठं पळताय? सांगा. तुमच्या घरात असा कुठला प्रश्न आहे, जो तुम्ही ज्योतिषाला विचारलात, डॉक्टरला विचारलात, मेव्हण्याला विचारलात, मोबाईलला विचारलात, देवीला पंखा लावून विचारलात — आणि ज्याचा तो प्रश्न आहे, त्या शेजारी बसलेल्या माणसाला विचारलाच नाहीत? मुलानं कुठली शाखा घ्यावी हे अख्ख्या वाडीला विचारलंत. मुलाला? म्हातारीला गावात ठेवायची की मुंबईला न्यायची, चारही भावांची मीटिंग झाली. म्हातारीला? आता का खाली बघताय? सतरंजीवर उत्तर लिहिलंय का?

आणि मीही सुटलो नाही हो. दर कीर्तनानंतर मी तबलजींना विचारतो, कसं झालं? ते म्हणतात, बरं झालं. मला 'बरं' पुरत नाही. मग पेटीवाल्यांना विचारतो. मग ज्यांच्या घरी जेवायला असतो त्या यजमानांना विचारतो, आणि यजमान बिचारे वाढता वाढता 'फार सुंदर' म्हणतात, कारण पाहुण्याला दुसरं काय म्हणणार! तो झाला पंख्याचा कौल! चाळीस वर्षं माझी बायको पहिल्या रांगेत बसून माझं कीर्तन ऐकते. तिला मी एकदाही विचारलेलं नाही.

का? घाबरतो, दुसरं काय!

ती बघा, तिथं बसलीय. हसतेय. आज घरी गेल्यावर विचारीन. एकदाच विचारीन. सत्तरपैकी जे देईल ते घेईन, पुन्हा तपासणीला पाठवणार नाही.

तुम्हीही घरी जा आणि एकेकानं एकेक प्रश्न विचारा. आरतीला उभे राहा. आणि गुरवबुवा, तेवढा पंखा बंद करा!